बिलीरुबिन, सूज आणि वाढलेलं वजन: नेहमी येणारे प्रश्न

इंदूरला लॅबच्या काउंटरमागे बसलं की माणसं रिपोर्ट हातात घेतात आणि तिथल्या तिथे विचारतात, घरी गेल्यावर मोबाईलवर फोटो पाठवतात, आणि प्रश्न फिरून फिरून तेच येतात. म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून टाकतोय. मी बायोकेमिस्ट्रीवाला आहे, डॉक्टर नाही. आकड्याचा अर्थ काय ते मी सांगू शकतो, गोळी मात्र तुमचे डॉक्टरच लिहून देतील.

१. बिलीरुबिन म्हणजे ते कावीळवालंच ना? मग ते रक्तात असायलाच नको ना?

कावीळवालंच, पण ते असायलाच हवं. आपल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, मग मोडतात, आणि त्यांच्या हिमोग्लोबिनमधल्या हीम नावाच्या लोहवाल्या भागापासून आधी हिरवट बिलीव्हर्डिन आणि मग पिवळं बिलीरुबिन तयार होतं. गुडघा आपटल्यावर निळा डाग चार-पाच दिवसांनी हिरवट आणि मग पिवळा पडतो ना, ती हीच केमिस्ट्री चामडीखाली चाललेली असते. मोठ्या माणसात रोज अंदाजे २५० ते ३५० मिलिग्रॅम बिलीरुबिन बनतं. ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रोटीनला धरून लिव्हरपर्यंत जातं, तिथे युजीटी१ए१ नावाचं एन्झाइम त्याला पाण्यात विरघळेल असं करतं आणि मग ते पित्तातून आतड्यात जातं. लिव्हरच्या आधीचं ते रिपोर्टमधलं 'इनडायरेक्ट' आणि लिव्हरने तयार करून दिलेलं ते 'डायरेक्ट'. टोटल साधारण ०.३ ते १.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर चालतं, डायरेक्ट ०.३ च्या आत.

२. आणि सूज कुठली म्हणताय? माझे पाय-बिय काही सुजलेले नाहीत.

ती सूज नाही ही. पोटातली चरबी, म्हणजे आतड्यांभोवती आणि लिव्हरमध्ये बसलेली, ती नुसती साठवण नसते, त्या चरबीच्या पेशी फुगल्या की तिथे प्रतिकारशक्तीच्या पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, गोळा होतात आणि टीएनएफ-अल्फा, आयएल-६ असली रसायनं रक्तात सोडत राहतात. आयएल-६ लिव्हरला पोचलं की लिव्हर सीआरपी नावाचं प्रोटीन बनवतं आणि आम्ही तेच मोजतो. ताप नाही, दुखत नाही, पण हे वर्षानुवर्षं हळूहळू चालू असतं आणि शुगर, बीपी, रक्तवाहिन्या सगळ्यांना त्रास देत राहतं. लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा जास्त सापडतं हे १९९३ मध्ये दाखवलं गेलं, तिथून हा विषय खरा सुरू झाला.

३. मग वजन जास्त असलेल्या माणसात या दोघांचा संबंध काय?

उलटा. मोठ्या गटाकडे बघितलं तर वजन जास्त असलेल्यांत ज्यांचं बिलीरुबिन (नॉर्मल रेंजच्या आतच, बरं का) खालच्या टोकाला असतं त्यांचं सीआरपी जास्त असायचा कल दिसतो, कंबर जास्त असते, इन्सुलिन नीट काम करत नसतं, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वर असतात. वरच्या टोकाला असलेल्यांत हे सगळं थोडं बरं दिसतं.

असं का, याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही थोडी थोडी खरी असावीत असं मला वाटतं. पहिलं म्हणजे बिलीरुबिन स्वतः अँटिऑक्सिडंट आहे, म्हणजे पेशींना ऑक्सिडेशनच्या झिजेपासून वाचवतं. १९८७ मध्ये रोलँड स्टॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये हे दाखवलं, तोपर्यंत त्याला सगळे कचराच समजत होते. ते रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला पांढऱ्या पेशी चिकटणं कमी करतं, आणि २०१६ मध्ये असंही दिसलं की ते पीपीएआर-अल्फा नावाच्या रिसेप्टरला (पेशीतलं संदेश पकडणारं प्रोटीन) जाऊन बसतं आणि पेशीत चरबी साठणं कमी करतं. ट्रायग्लिसराइडसाठी जी फायब्रेटची गोळी देतात ती याच रिसेप्टरवर काम करते. दुसरं उत्तर अगदी उलट्या बाजूने आहे: जिथे सूज आणि ऑक्सिडेशन जास्त तिथे बिलीरुबिन वापरलं जाऊन संपतं, म्हणजे कमी बिलीरुबिन हे कारण नाही, परिणाम आहे. यातलं कुठलं किती, यावर भांडण चालूच आहे, प्रश्न ९ मध्ये त्याबद्दल आहे.

४. माझं टोटल ०.३ आलंय. लॅबने लाल केलेलं नाही, मग काळजी करू का?

एकट्या ०.३ वरून नाही. प्रश्न ३ मधला संबंध हजारो माणसांच्या सरासरीत दिसतो, तुमच्या एका कागदावर नाही. बायकांचं बिलीरुबिन पुरुषांपेक्षा जरा कमीच असतं. हिमोग्लोबिन कमी असेल, लोह कमी असेल तर मोडायला लाल पेशीच कमी, मग बिलीरुबिनही कमी. सिगारेट ओढणाऱ्यांचं कमी असतं आणि सोडल्यावर वर येतं. बिलीरुबिन कमी आहे म्हणून कुठला आजार ठरत नाही, आणि त्याला औषधही नाही. पण ०.३ च्या जोडीला कंबर वाढलेली, ट्रायग्लिसराइड २०० च्या वर, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) कमी, फास्टिंग शुगर ११० असं असेल तर त्या बाकीच्या गोष्टींकडे बघा, त्या पुरेशा बोलक्या आहेत.

५. ठीक आहे, पण मग बिलीरुबिन वाढवायचं कसं? काही काढा, ज्यूस, सप्लिमेंट?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि माझं उत्तर दरवेळी तेच, वाढवायला जाऊ नका. बिलीरुबिन वाढवायचे जे सोपे मार्ग आहेत ते सगळे वाईट आहेत: लाल पेशी फुटवा, लिव्हर बिघडवा, नाहीतर पित्ताची नळी अडकवा. एचआयव्हीसाठी दिलं जाणारं अॅटाझनावीर युजीटी१ए१ अडवून बिलीरुबिन वाढवतं, पण ते कोणी त्यासाठी घेत नाही. आणि कोणी म्हणालं की सकाळी रिकाम्या पोटी गुळवेलीचा काढा घे, लिव्हर साफ होतं, तर मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यावर लिव्हरला मार बसलेल्या पेशंटच्या केसेस छापल्या आहेत. त्यांचंही बिलीरुबिन वाढलं होतं, पण कावीळ होऊन.

उलट वजन कमी केलं की सीआरपी खाली येतं आणि बिलीरुबिन बऱ्याच जणांत आपोआप थोडं वर सरकतं. त्यामुळे धरायचा आकडा कंबरेचा आहे.

६. बीएमआय २४ आहे. मी तर जाड नाहीच, मला हे लागू नाही ना?

लागू आहे. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन, आणि आपल्याकडे २३ च्या वर ओव्हरवेट आणि २५ च्या वर लठ्ठ धरतात, २५ आणि ३० ही गोऱ्यांची रेषा. कंबर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर गेली तर पोटाची चरबी जास्त.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये एक फोटो आला होता, दोघांचा बीएमआय सेम, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. दिसायला दोघं बारीकच. आता आपल्याकडचं बघा, सकाळी सेव-जिरावन घालून पोहे आणि जलेबी, रात्री अकराला सराफ्यात (आमची रात्रीची खाऊगल्ली) तळलेला गराडू कंद, मधला दिवस खुर्चीत, आणि वर म्हणायचं की मी शर्ट मीडियमच घालतो. शर्ट मीडियम असतो हो, त्याची खालची दोन बटणं ताणलेली असतात.

कंबर मोजताना पँटचा नंबर सांगू नका, पँट पोटाखाली उतरलेली असते. सगळ्यात खालची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावा, श्वास सोडून, पोट आत न ओढता.

७. सीआरपी आणि एचएस-सीआरपी एकच का? माझं ६ आलंय.

पदार्थ एकच, एचएस म्हणजे बारीक आकडेही नीट मोजणारी टेस्ट. वजनाशी निगडित हळू चालणारी सूज बघायची तर एचएस-सीआरपीच करा. मिलिग्रॅम प्रति लीटरमध्ये १ च्या खाली चांगलं, १ ते ३ मधलं, ३ च्या वर जास्त. १० च्या वर असेल तर बहुतेक सर्दी, दाताचा गळू, युरिन इन्फेक्शन, व्हायरल असं काहीतरी चालू आहे, ते बरं होऊन दोन-तीन आठवडे जाऊ द्या आणि परत करा. तुमचं ६ म्हणजे जास्तच, पण एका आकड्यावर थांबू नका, दोनदा करून बघा.

युनिट मात्र बघा! काही ठिकाणी मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर छापतात, तिथलं ०.६ म्हणजे आपलं ६. सीआरपी हा नुसता धूर आहे, कुठे जळतंय ते त्यावरून कळत नाही, हिरड्यांपासून संधिवातापर्यंत काहीही असू शकतं, सगळं पोटाच्या चरबीवर ढकलू नका.

८. टोटल १.९, त्यात इनडायरेक्ट १.६, एसजीपीटी-एसजीओटी (लिव्हरची एन्झाइम्स) सगळं नॉर्मल. घरात सगळे घाबरलेत, कावीळ आहे का?

बहुतेक गिल्बर्ट सिंड्रोम. ऑगस्टीन गिल्बर्ट या फ्रेंच डॉक्टरने १९०१ मध्ये वर्णन केलेलं, म्हणजे जुनी ओळख आहे. युजीटी१ए१ च्या जीनमध्ये सुरुवातीलाच एक छोटा तुकडा ६ च्या ऐवजी ७ वेळा असतो, त्यामुळे एन्झाइम कमी बनतं, साधारण ३० टक्क्यांच्या आसपास काम करतं. आईवडील दोघांकडून तो आला की बिलीरुबिन कायम थोडं वर. साधारण ५ ते १० टक्के लोकांत असतं. लिव्हर खराब होत नाही, पथ्य नाही, औषध नाही. बिलीरुबिन बहुतेक वेळा ३ च्या आत राहतं आणि उपास, जागरण, ताप, पाणी कमी पडणं, फार व्यायाम यात वाढतं, मग डोळे जरासे पिवळसर वाटतात.

घरच्यांना सांगा की उसाचा रस पाजून काही होणार नाही, वजन मात्र वाढेल. एकच लक्षात ठेवा, कॅन्सरसाठी इरिनोटेकॅन द्यायची कधी वेळ आली तर डॉक्टरांना हे आधी सांगा, कारण ते औषधही याच एन्झाइमने निकामी होतं. आणि गिल्बर्ट आहे हे ठरवण्याआधी प्रश्न ११ वाचा.

९. म्हणजे गिल्बर्टवाल्यांची चांदीच की? बिलीरुबिन जास्त, सूज कमी, हार्ट सेफ?

इथे गोष्ट मजेशीर होते. १९९४ मध्ये अमेरिकेत श्वर्टनर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कमी बिलीरुबिन आणि हृदयाच्या नळ्यांचा आजार जोडीने दिसतात. २००६ मध्ये फ्रेमिंगहॅम या अमेरिकन गावातल्या लोकांत तो ७ वाला जीन (प्रश्न ८) दोन्हीकडून आलेल्यांना हृदयविकार कमी दिसला. लोक खूश. मग २०१३ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी खूप मोठ्या संख्येत तेच तपासलं, आणि जीनमुळे जन्मभर बिलीरुबिन जास्त असलेल्यांना हार्ट अटॅक काही कमी आले नाहीत.

जीनवरून तपासण्याचा फायदा हा की जीन जन्मतः ठरतो, तुमचं पोट, सिगारेट, झोप यांचा त्याच्यावर परिणाम नाही. बिलीरुबिन खरंच एवढं वाचवत असतं तर तिथे दिसायला हवं होतं. म्हणून माझं मत असं की बिलीरुबिन-सूज संबंधाचा मोठा भाग उलट्या दिशेने आहे, म्हणजे पोट वाढलं, सूज वाढली, आणि बिलीरुबिन खाली गेलं. लॅबमधलं अँटिऑक्सिडंट काम खोटं नाही, पण टेस्टट्यूबमध्ये जे होतं ते पन्नाशीच्या माणसाच्या धमनीत तेवढंच होईल असं नसतं. गिल्बर्ट असून ९८ सेंटिमीटर कंबर असेल तर जीनच्या भरवशावर राहू नका.

१०. नवरात्रात नऊ दिवस उपास केला आणि बिलीरुबिन १.५ आलं, आधी ०.८ होतं. फराळ बाधला का?

फराळ नाही, कमी खाणं. कॅलरी खूप कमी झाल्या की बिलीरुबिन सगळ्यांचंच थोडं वाढतं आणि गिल्बर्टवाल्यांचं तर एक-दोन दिवसांत दुप्पटही होतं. जुन्या काळी गिल्बर्ट ओळखायला मुद्दाम ४०० कॅलरीवर ठेवून बघायचे. नीट जेवायला लागल्यावर आठवड्याने परत करा, खाली आलेलं दिसेल. हे वाढलेलं बिलीरुबिन म्हणजे सूज कमी झाल्याची पावती नाही, त्याचा आनंद मानू नका. (आणि ज्यांचा उपास म्हणजे साबुदाणा खिचडी, बटाट्याचा चिवडा, वर श्रीखंड, त्यांचं बिलीरुबिन उपासाने वाढणार नाही, वजन वाढेल.)

११. इनडायरेक्ट जास्त आणि लिव्हर नॉर्मल म्हणजे प्रत्येक वेळी गिल्बर्टच का?

नाही, आणि इथेच जास्त चुका होतात. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, बघितल्याशिवाय गिल्बर्ट म्हणू नका. आपल्याकडे शाकाहारी घरं खूप, त्यात शुगरसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू, आणि मेटफॉर्मिनने बी१२ आणखी कमी होतं. बी१२ फार कमी झालं की लाल पेशी अस्थिमज्जेतच तयार होता होता मोडतात, पेशींमधलं एलडीएच एन्झाइम रक्तात चढतं, इनडायरेक्ट बिलीरुबिन वाढतं. सीबीसीत एमसीव्ही (लाल पेशीचा आकार) १०० च्या वर, हिमोग्लोबिन खाली, वरून थकवा आणि पायाला मुंग्या. अशा माणसाला 'तुमचं बिलीरुबिन छान आहे, सूज कमी असेल' म्हणणं म्हणजे कमालच.

दुसरं, लाल पेशी लवकर फुटणं: सिकलसेल, थॅलेसीमिया, जीसिक्सपीडी या एन्झाइमची कमतरता. आपल्या मालवा-निमाडच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे, देशाचं सिकलसेल मिशनही मध्य प्रदेशातच, शहडोलला, १ जुलै २०२३ ला सुरू झालं. रेटिक्युलोसाइट (नव्या लाल पेशी) काउंट वाढलेला असेल तर या बाजूला शोधायचं. थोडक्यात, ज्याच्या पेशी फुटतायत त्याच्या बाबतीत प्रश्न ३ मधला संबंध लावायचाच नाही.

१२. चार महिन्यांत १८ किलो कमी केले, बिलीरुबिन ०.५ वरून २.४! तुम्हीच म्हणालात वजन घटलं की वाढतं.

थोडं वाढतं म्हणालो, ०.५ चं ०.७ वगैरे. २.४ ला आधी डायरेक्ट किती ते बघा. डायरेक्ट जास्त, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी (पित्त अडलं की वाढणारी एन्झाइम्स) वर, जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखतं, तर पित्ताचा खडा नळीत अडकला असू शकतो. वजन जास्त असणं हे खड्याचं कारण आहेच आणि वजन फार झपाट्याने घटणं, आठवड्याला दीड किलोच्या वर, हेही कारण आहे. बॅरिअॅट्रिक ऑपरेशननंतर (वजनासाठी जठर लहान करतात ते) होतं, वजन कमी करायच्या नव्या इंजेक्शनांवरही पित्ताशयाचे त्रास दिसलेत. सोनोग्राफी करा, वाट बघत बसू नका. सगळं इनडायरेक्टच असेल तर प्रश्न ८ आणि १०.

१३. सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर, पण बिलीरुबिन ०.६. म्हणजे लिव्हर काम करतंय ना?

काम करतंय, पण त्यावरून फॅटी लिव्हर हलकं आहे असं समजू नका. बिलीरुबिन फार उशिरा वाढतं. फॅटी लिव्हरच्या सुरुवातीला ते उलट कमीच असतं, आणि सिरोसिस झाल्यावर चढायला लागतं, म्हणजे त्याच माणसात आधीचं ०.५ दिलासा देत नाही आणि नंतरचं ३ तर वाईटच. डॉक्टरांना एफआयबी-४ (लिव्हर किती कडक झालंय त्याचा अंदाज) काढायला सांगा, वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट एवढ्यावरून निघतं, वेगळी टेस्ट लागत नाही. गरज वाटली तर ते फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजणारा स्कॅन) सांगतील. वजन ७ ते १० टक्के घटलं तर लिव्हरमधली सूजही उतरते, ८५ किलोच्या माणसाला म्हणजे ६ ते साडेआठ किलो, सावकाश.

१४. मुलगा इंग्लंडमध्ये असतो, त्याच्या रिपोर्टमध्ये बिलीरुबिन १७ आहे!! ही रात्रभर झोपली नाही.

वहिनींना झोपू द्या. तिकडे मायक्रोमोल प्रति लीटरमध्ये छापतात, १७.१ ने भागा, म्हणजे आपलं १. एकदम नॉर्मल.

१५. दोन लॅबचे रिपोर्ट वेगळे का येतात? एकीकडे ०.९, दुसरीकडे ०.६.

सकाळी उपाशी दिलेलं आणि दुपारी जेवून दिलेलं यातच फरक पडतो. शिवाय बिलीरुबिन उजेडाने मोडतं. घरी येऊन ब्लड घेतलं, ट्यूब पारदर्शक पिशवीत, पिशवी स्कूटरच्या हँडलला आणि मे महिन्याचं ऊन, असं झालं तर आकडा कमी येतो. ब्लड घेताना पेशी फुटल्या तरी गडबड होते. तुलना करायची तर तीच लॅब, तीच वेळ, तेवढाच उपास. ०.९ आणि ०.६ मध्ये सूज वाढल्याची गोष्ट शोधू नका.

१६. कावीळ झाडून घेतली, हात धुताना पाणी पिवळं झालं आणि गळ्यातली माळ लांबत पोटापर्यंत आली. मग कशाला टेस्ट?

पाण्यात चुना असतो आणि हाताला आधी झाडाच्या सालीचा रस लावलेला असतो, दोन्ही मिळून रंग पिवळा होतो. आजारी नसलेल्या माणसाचे हात त्याच पद्धतीने धुवून बघा, तेच पाणी येईल. माळेतल्या काड्या सैल गाठीत बांधतात, त्या सुकतात, गाठी सरकतात, दोरा लांबतो. खिळ्याला टांगलेली माळही लांबते. पावसाळ्यातली हिपॅटायटिस ए किंवा ई व्हायरसची कावीळ बहुतेकांची आपोआप उतरते, त्याचं श्रेय माळेला मिळतं. ज्याची नळी खड्याने अडकलीये त्याचे मात्र या नादात मोलाचे दिवस जातात.

१७. डॉक्टरकडे लगेच कधी पळायचं?

डोळे स्पष्ट पिवळे, लघवी काळ्या चहासारखी, संडास पांढुरकी मातीच्या रंगाची, अंगभर खाज, थंडी वाजून ताप आणि उजवीकडे पोटात दुखणं, किंवा माणूस गुंगीत जाणं, असंबद्ध बोलणं. यातलं काहीही असेल तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. लघवीचा रंग महत्त्वाचा, कारण इनडायरेक्ट बिलीरुबिन लघवीत उतरतच नाही. गिल्बर्टवाल्याची लघवी नेहमीसारखीच असते, फार तर पाणी कमी प्यायल्याने गडद.

१८. वजन कमी करतोय, दर महिन्याला बिलीरुबिन आणि सीआरपी करत राहू का? पॅकेजमध्ये स्वस्त पडतं.

लॅबवाला असून सांगतोय, नका करू. महिन्यात बिलीरुबिन जेवढं इकडेतिकडे होतं ते बहुतेक उपास, झोप आणि उन्हाचं असतं. सहा महिन्यांनी एलएफटी (लिव्हरच्या टेस्ट), लिपिड, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), आणि डॉक्टरांनी म्हटलं तर एचएस-सीआरपी, बास. दर रविवारी सकाळी टेप घ्या, प्रश्न ६ मध्ये लिहिलंय तशी कंबर मोजा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा, दुधाच्या हिशेबाशेजारी जागा असतेच.